रविवारचं पाणी

पूल वर गेला आणि जहाज आलंच नाही. घंटा वाजली, लाल दिवे लुकलुकले, पट्टेरी दांडा गाडीच्या नाकासमोर उतरला आणि रस्त्याचा एक सबंध तुकडा, मधल्या पिवळ्या रेघेसकट, आभाळाकडे तोंड करून उभा राहिला. पुरुषोत्तमनं सवयीनं इंजिन बंद केलं आणि डावीकडे पाहिलं. जहाज नेहमी डावीकडून, सरोवराच्या बाजूनं यायचं. आधी काळा नाकाडा, मग घरांच्या छपरांवरून सरकत जाणारी लांबच लांब लोखंडी भिंत, आणि सगळ्यात शेवटी पांढरी केबिन. आज डावीकडे नुसतं पाणी होतं. तपकिरी, तेलकट, हलायचा कंटाळा आल्यासारखं.

"बाबा, शिप कुठाय?" शेजारी बसलेल्या वीणानं विचारलं.

"येईल."

"कुठून येईल? मिल बंद होऊन तीन वर्षं झाली."

खरंच की. त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. तीन वर्षं हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? तो आता शिकागोच्या पलीकडे एका साबणाच्या कारखान्यात, स्वतःपेक्षा अठरा वर्षांनी लहान असलेल्या साहेबाच्या हाताखाली फेस मोजत होता. या बाजूला यायचं त्याला कारणच उरलेलं नव्हतं. आज आला तो वीणासाठी. ती ॲन आर्बरला मास्टर्स करत होती, आणि थीसिससाठी साऱ्या अमेरिकेतून तिला हाच कालवा सापडला होता. आठवडाभर ती घरी राहून कालव्याच्या तळाचा गाळ गोळा करणार होती. तिची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून आज, शनिवारी, बापानं तिला आणलं होतं. मागच्या सीटवर काचेच्या बरण्या होत्या आणि बरण्यांत काळा, लोण्यासारखा मऊ गाळ. खिडक्या उघड्या ठेवूनही गाडीभर वास होता. डांबर, सडकी अंडी आणि त्याखाली काहीतरी गोडसर. वीणा नाक मुरडत होती. पुरुषोत्तमला मात्र त्या वासानं आपण तरुण असल्यासारखं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली.

सदुसष्ट सालच्या डिसेंबरात तो या पुलापाशी पहिल्यांदा थांबला तेव्हा नवी नोकरी आठ दिवसांची होती आणि हातमोजे उसने होते. सगळीकडे बर्फ. फक्त कालवा उघडा. पोलादाच्या गिरणीतून इतकं गरम पाणी त्यात पडायचं की तो कधी गोठायचाच नाही. भर थंडीत त्यातून वाफा निघायच्या, आणि त्या वाफेतून एक जहाज, बंदरात नव्हे, समुद्रात नव्हे, चक्क रस्त्याच्या मधून, दोन दारूच्या दुकानांच्या आणि एका चर्चच्या शेजारून गेलं. हात लांब केला असता तर लागलं असतं. त्या रात्री त्यानं कऱ्हाडला वडिलांना चार पानी पत्र लिहिलं. वडील नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. टाकीत पावडर टाकून झाली की गावाच्या आधी एक पेला स्वतः पिणारे. 'तुझ्या कालव्याचं पाणी पिण्याजोगं आहे काय?' एवढंच त्यांनी उलट विचारलं होतं. पुरुषोत्तमला तेव्हा हसू आलं होतं. कालवा पिण्यासाठी खणलेला नव्हताच. वाळूच्या टेकड्या फोडून माणसांनी तो खणला, तो खनिज आत यावं आणि पोलाद बाहेर जावं म्हणून. आणि जाता जाता कारखान्यांनी धुतलेलं, गाळलेलं, सांडलेलं सगळं गुपचूप वाहून जावं म्हणून. मग कायदा आला. गाळ इतका विषारी ठरला की उपसून टाकायचा कुठं हे कुणाला ठरवता येईना, म्हणून उपसणंच थांबलं. कालवा खालून भरत गेला. जहाजं आधी पाऊण भरून येऊ लागली, मग अर्धी, मग एकाचं पोट तळाला घासलं. कंपनीनं बंद पडण्याची कारणं छापली त्यात जपान होतं, युनियन होती, तेलाचा भाव होता. तळाशी काय साचलंय याचा उल्लेख नव्हता.

पुलाच्या कोपऱ्यावरच्या काचेच्या खोलीतून एक माणूस उतरला आणि थांबलेल्या गाड्यांच्या रांगेतून एकेका खिडकीशी वाकत येऊ लागला. बुटका, रुंद, डोक्यावर नगरपालिकेची टोपी. दर पाच-सात पावलांवर थांबून श्वास घेत होता. पुरुषोत्तमनं त्याला चालीवरून ओळखलं आणि काच वर करायला हात नेला. पण हँडल फिरवायचं धाडस होण्याआधीच टोपी खिडकीशी आली.

"सॉरी, मंडळी. महिन्याची टेस्ट आहे. पूल वर गेला, आता खाली यायचं नाव घेत नाही. पंधरा मिनिटं..." तो थांबला. "डॉक?"

"एलादिओ," पुरुषोत्तम म्हणाला.

गिरणीत प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनाच डॉक म्हणत. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. तरी एलादिओ मोरेनोच्या बोलण्यातलं 'यू' पुरुषोत्तमला नेहमी 'तुम्ही' असंच ऐकू यायचं.

"केस पांढरे झाले तुमचे. ही मुलगी?"

"वीणा. माझी मुलगी."

"हाय!" वीणा बापाच्या अंगावरून पुढं झुकली. "तुम्हीपण मिलमध्ये होता?"

"बत्तीस वर्षं. पहिली सॅम्पलिंगला. दर आठवड्याला बाटल्या भरून तुझ्या वडलांकडे न्यायचो." श्वास घ्यायला तो थांबला. "नंतर कोक ओव्हनवर."

वीणाचे डोळे चमकले. जुन्या लोकांशी बोलायचंच होतं तिला. टेपरेकॉर्डर आणलेला होता. गुरुवारी येऊ का? ये ना, एलादिओ म्हणाला, वर खोलीत ये, कॉफी आहे, गप्पा काय, कालव्याइतक्या लांब आहेत. बोलताना तो पुरुषोत्तमकडे पाहत नव्हता. गाडीच्या छपरावर त्यानं दोनदा हलके थोपटलं आणि पुढच्या गाडीकडे गेला.

"किती गोड माणूस आहे! तू कधी सांगितलं नाहीस याच्याबद्दल."

"खूप लोक होते," पुरुषोत्तम म्हणाला.

पूल खाली यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात वीणानं गुरुवारचे प्रश्न लिहून काढले, आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून, न येणाऱ्या जहाजाच्या दिशेनं पाहत बसला.

त्यानं कधी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. हे तो स्वतःला इतक्या वेळा सांगत आला होता की त्या वाक्याला आता जपाची लय आली होती. बहात्तर सालानंतर गिरणीला कालव्यात काय सोडतो ते दर महिन्याला सरकारला कळवावं लागे. खाली सही त्याची, पी. व्ही. निजसुरे, चीफ केमिस्ट, वॉटर. सुपरिंटेंडंटनं एवढंच सुचवलं होतं की बाटल्या रविवारी सकाळी भरायच्या. रविवारी अर्धे विभाग बंद असत, पाणी जवळजवळ स्वच्छ असे. कायद्यात वाराचा उल्लेख नव्हता. रविवारचं पाणी तो मनापासून, काटेकोर तपासायचा, दोनदा, कधी तीनदा. आणि जे निघेल तेच लिहायचा. सोमवारी गिरणी सुरू झाली की खिडकीतून कालव्याकडे पाहायचा नाही. टेबल त्यानं भिंतीकडे तोंड करून लावून घेतलं होतं. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून.

शहात्तरच्या ऑगस्टमध्ये एका मंगळवारी एलादिओनं त्याच्या टेबलावर एक बाटली ठेवली. कुणी सांगितलेलं नसताना भरलेली. काळपट लाल, वर तेलाचा बोटभर थर. "डॉक, हेपण पाणीच आहे," तो म्हणाला. विनोद केल्यासारखा म्हणाला, पण हसला नाही. त्याचा धाकटा भाऊ कालव्याच्या तोंडाशी मासे धरायचा, ते घरात खात. पुरुषोत्तम म्हणाला, ठेव, बघतो. आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर दार लावून त्यानं ती खरोखरच तपासली. का तपासली ते त्याला दहा वर्षांत समजलं नव्हतं. वडिलांचा पेला आठवला असेल, किंवा नुसती हाताची सवय. विषारी फिनॉल एकेचाळीस निघालं. पुन्हा केलं; पुन्हा एकेचाळीस. परवानगी एकाहून कमीची होती. आकडा कुठंही न लिहिता त्यानं बाटली सिंकमध्ये ओतली, नळ सोडून ठेवला आणि पाणी निर्मळ होईपर्यंत तिथंच उभा राहिला. सिंकचं पाणीसुद्धा शेवटी कालव्यातच जायचं.

एलादिओनं राज्याच्या इन्स्पेक्टरला कळवलं. पंधरा दिवसांनी सुपरिंटेंडंटच्या खोलीत चौकशी झाली. लांब टेबल, डोनट्स, टायमधली तीन माणसं, आणि टोकाला टोपी मांडीवर घेऊन एलादिओ. 'मिस्टर निजसुरे, मंगळवारी अशी काही बाटली तुमच्याकडे आली होती?' एलादिओ त्याच्याकडे अगदी निवांत पाहत होता. उत्तर ठाऊक असलेल्या माणसासारखा. पुरुषोत्तम म्हणाला, "मला आठवत नाही." पुढच्या महिन्यात त्याची सिटिझनशिपची शपथ होती, मालिनीला मन्स्टर या उपनगरातलं घर आवडलं होतं, वीणा तेरा वर्षांची होती, कारणं हवी तेवढी होती. एलादिओला त्यांनी काढलं नाही. कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांच्या, माथ्यावर पाठवलं, तापलेल्या झाकणांवरून चालायला, पिवळा धूर छातीत घ्यायला. तिथं त्यानं सात वर्षं काढली. कँटीनमध्ये समोर आला की पूर्वीसारखंच 'मॉर्निंग, डॉक' म्हणायचा. पुरुषोत्तम डबा प्रयोगशाळेत खाऊ लागला.

बुधवारी त्यानं साबणाच्या कारखान्यात आजारी असल्याचं कळवलं आणि पुलावर गेला. जाताना गाडीत त्यानं माफीची वाक्यं इंग्रजीत जुळवली, मग मराठीत करून पाहिली. मराठीत ती जास्त खरी वाटली आणि म्हणून निरुपयोगी. लोखंडी जिना चढून वर गेला तेव्हा एलादिओ रेडिओवर बेसबॉल ऐकत होता. त्यानं आवाज कमी केला, कॉफी ओतली, स्वतःची खुर्ची दिली आणि आपण खोक्यावर बसला. वरून सगळा कालवा दिसत होता. दोन्ही काठांना गंजलेले धक्के, मोडून नेलेल्या भट्ट्यांच्या जागी उंच गवत, आणि मधोमध उथळ पाण्यात बदकं.

"बदकं," पुरुषोत्तम म्हणाला.

"दोन वर्षांपासून येतात. गिरणी मेली आणि बदकं आली. कुणाच्या बाजूनं व्हायचं तेच कळत नाही."

पुरुषोत्तमनं कॉफीचा एक घोट घेतला.

"एलादिओ, उद्या वीणा येईल."

"हो. आठवण आहे."

"तिला..." जुळवलेलं एकही वाक्य तोंडात येईना. जे आलं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. "ते चौकशीचं तिला सांगू नकोस."

बोलून झाल्यावर त्याला आपला आवाज ऐकू आला. एलादिओनं कप खाली ठेवला. त्याच्या छातीतली शिटी खोलीत स्पष्ट वाजत होती.

"तुम्ही जिना चढताना मला वाटलं," तो सावकाश म्हणाला, "दुसरं काही म्हणायला आलात."

"तेही होतं..."

"असू दे. मी सांगणार नव्हतोच, डॉक. मुलगी बापाकडे कशी पाहते ते शनिवारी पाहिलं मी. मला तीन आहेत." त्यानं रेडिओकडे हात नेला, पण आवाज वाढवला नाही. "एकच विचारतो. ती बाटली तुम्ही तपासली होती? मला नेहमी वाटायचं, तुम्ही तपासली असणार. तुम्ही तसे होता."

आता खरं बोलायला काहीच लागत नव्हतं. ना चौकशी, ना टायवाली माणसं. पुरुषोत्तम म्हणाला, "नाही. तशीच ओतली."

एलादिओनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "मग माझं चुकलं," तो म्हणाला आणि रेडिओ मोठा केला.

घरी येताना पुरुषोत्तम दोनदा रस्ता चुकला.

गुरुवारी संध्याकाळी वीणा नाचतच घरात आली. मालिनी पोळ्या करत होती. वीणानं उभ्या उभ्याच एक पोळी गुंडाळून तोंडात धरली आणि सांगत सुटली. मिस्टर मोरेनोंनी दोन तास टेप भरली. जहाजांची नावं तोंडपाठ. पासष्टच्या वादळात एक खलाशी त्यांच्या घरी आठ दिवस राहिला. त्यांचे वडील मेक्सिकोतून आले तेव्हा रेल्वेच्या डब्यात राहायचे. "आणि बाबा, तुझ्याबद्दल म्हणाले, ही वॉज अ व्हेरी केअरफुल मॅन. प्रत्येक टेस्ट दोनदा करायचे म्हणे."

पुरुषोत्तम पानावर बसला होता. त्यानं आमटीत चमचा फिरवला.

"हे बघ." तिनं पिशवीतून जाड फोटोकॉपीजचा गठ्ठा काढून ताटाशेजारी ठेवला. "स्टेट ऑफिसमधून मिळालं. त्र्याहत्तर ते ब्याऐंशी, प्रत्येक महिना, सगळ्यावर तुझी सही! गाळात काय आहे ते मी मोजतेच आहे, पण कालव्यात दर वर्षी किती गेलं त्याचा दुसरा कुठलाच डेटा नाही. फक्त तुझा. माझं अख्खं मॉडेल तुझ्या नंबर्सवर उभं आहे, बाबा. प्रोफेसर म्हणाले, किती सुंदर आहे हे, फादर अँड डॉटर."

"अगं बाई!" मालिनी लाटणं हातात धरून वळली. तिचा चेहरा उजळला होता. गिरणी बंद झाल्यापासून या घरात असं कुणी काही बोललं नव्हतं.

सहीतला 'पी' डौलदार होता. पुरुषोत्तमला वाटलं, गप्प बसलं तर हे असंच राहील. एलादिओ बोलणार नाही, सुपरिंटेंडंट फ्लोरिडात वारला, कंपनी नाही. वीणाचं मॉडेल सांगेल की कालवा तितका वाईट नव्हता, ते छापलं जाईल, आणि त्यावर दुसरं कुणी आणखी काही उभं करील. त्यानं वीणाकडे पाहिलं. पोळीचा घास गालात तसाच ठेवून ती त्याच्या कौतुकाची वाट पाहत होती.

"हे वापरू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"हे रविवारचं पाणी आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. वाटलं होतं तितका वेळ लागला नाही. रविवार, सुपरिंटेंडंट, बाटली, सिंक, चौकशी, कोक ओव्हन. कालचं पुलावरचंही. तव्यावरची पोळी करपली तरी मालिनी हलली नाही. वीणानं गठ्ठ्यावर हात ठेवला होता तो काढून घेतला. आणि जेव्हा बोलली तेव्हा इंग्रजीत बोलली, लहानपणी रागावली की बोलायची तसं.

"सगळे? दहाही वर्षं?"

"आकडे खोटे नाहीत. एकही नाही."

"बाबा, प्लीज."

"एक मंगळवारचा आहे माझ्याकडे," तो घाईनं म्हणाला. "ती बाटली मी तपासली होती. दोनदा. फिनॉल एकेचाळीस. ते तू घाल. तो खरा आहे."

"कुठं लिहिलाय?"

"लिहिला नाही. लक्षात आहे."

वीणा त्याच्याकडे पाहत राहिली. रागापेक्षा वाईट असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. परीक्षा घेणाऱ्यासारखं, दयाळू. "रेकॉर्ड नाही, विटनेस नाही. दॅट्स नॉट डेटा, बाबा." मग मराठीत, हळू, "आणि त्यांना तू काल सांगितलंस, तपासली नाही म्हणून?"

त्यानं मान खाली घातली. तिनं गॅरेजमधून परत आलेल्या आपल्या गाडीच्या किल्ल्या उचलल्या. "त्यांना मी सांगून येते," ती म्हणाली. दार तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ती परतली तेव्हा एलादिओ काय म्हणाला हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. शनिवारी बरण्या गाडीत भरून ती ॲन आर्बरला गेली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला लॅबमध्ये काम होतं. ख्रिसमसला आली ती दोन दिवस, आणि आईशी जास्त बोलली. फोन पुरुषोत्तमनं उचलला तर हवामान विचारायची, मग म्हणायची, आईला दे.

मे महिन्यात टपालानं थीसिस आला. निळं कापडी बाईंडिंग. सोबत चिठ्ठी नव्हती, पण पाठवला होता. पुरुषोत्तमनं तो खिडकीशी बसून पहिल्या पानापासून वाचला. आभार होते, प्रोफेसरांचे, आईचे, आणि मिस्टर एलादिओ मोरेनो यांचे, 'ज्यांनी एकट्यानं विचारलं' असे. गाळाची प्रकरणं चांगली उतरली होती. हात नेमका होता, शब्द कमी. सातव्या प्रकरणात कालव्यात दर वर्षी सोडलेल्या पाण्याचा तक्ता होता. डावीकडे सालं, त्र्याहत्तरपासून ब्याऐंशीपर्यंत. उजवीकडे प्रत्येक सालासमोर एक आडवी रेघ. खाली बारीक टाइपात, 'विश्वासार्ह नोंदी उपलब्ध नाहीत.' त्याचं नाव तिनं कुठंही घातलं नव्हतं. ना आरोपात, ना संदर्भात. तिनं त्याला वाचवलं होतं. पस्तिसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत तो रोज सकाळी साडेसहाला उठून, डबा घेऊन, पांढरा कोट चढवून कुठं जात होता, याचं उत्तर त्या दहा रेघा होत्या. त्यानं त्या बोटानं वरपासून खालपर्यंत चाचपल्या. शाई सुकलेली होती.

मालिनी मागं येऊन उभी राहिली. तिला इंग्रजी वाचायला वेळ लागे. तिनं चष्मा शोधला, पदरानं पुसला. "बघू. तुमचं काही आहे का त्यात?"

"आहे," पुरुषोत्तम म्हणाला आणि पान तिच्यासमोर धरलं. "हा सबंध तक्ता माझा."